मैदानाकडे पाठ

धुळ्याच्या मैदानाच्या कडेला मी पाच-सहा वर्षं जवळजवळ प्रत्येक मॅचला बसले, पण गोल कसा होतो ते एकदाही डोळ्यांनी पाहिलं नाही. कोणाला सांगितलं तर हसतात. घरचा माणूस गोल मारणारा, आणि बायको म्हणते मी पाहिलाच नाही! पण आम्हां बायकांना तिथे बसवलं होतं ते कुंपण म्हणून, आणि तेही मैदानाकडे पाठ करून. आता इतकी वर्षं गेल्यावर हे लिहायला घेतलंय. लोक अजून विचारतात, म्हणून एकदाचं लिहून मोकळी होते.

आमचे हे गिरणीत साळखात्यात होते. दोन माग सांभाळायचे. सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत विणकराला बसणं ठाऊक नसतं. या मागावरून त्या मागावर, तुटलेला धागा जोड, धोट्यातली कांडी बदल, असा सगळा दिवस उभ्याने. आमचं घर त्यांच्या पायांवर उभं होतं, आणि हे मी उगीच म्हणत नाही. रविवारी तेच पाय घेऊन हे फुटबॉल खेळायला जायचे. गिरणीची टीम होती. बूट वगैरे साहेबलोकांना. आमची माणसं अनवाणी खेळायची, घोट्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून.

खेळाचं मला वाईट वाटत नव्हतं. आठवडाभर मागांच्या खडखडाटात राहिलेला माणूस दोन तास उघड्यावर धावला तर बिघडलं काय? समोरच्या टीमनेही यांना कधी फारसं दुखवलं नाही. दुखवलं ते आपल्याच लोकांनी, आणि तेही लाडाने.

आमच्या खानदेशात लोकांना ठाऊक ती कुस्ती. जत्रा असो, उरूस असो, एका पैलवानाने दुसऱ्याला चीत केलं की कुस्ती निकालात निघाली. मग सगळा जमाव हौद्यात घुसणार, जिंकलेल्याला खांद्यावर घेणार, फेटा बांधणार, गुलाल उधळणार. फुटबॉल नवा आला तरी बघणारे जुनेच होते. चेंडू दोन खांबांमधून गेला की त्यांच्या लेखी कुस्ती निकालात निघाली. अजून अर्धा खेळ बाकी आहे, पंच शिट्टी फुंकून फुंकून लालबुंद झालाय, हे कोणाच्या गावीही नसायचं. कडेची सगळी गर्दी आत सुटायची. आणि त्यांच्या पायांत वहाणा! शेतात काट्याकुट्यातून जायच्या त्या, जाड तळाच्या, टाचेला नाल ठोकलेल्या. त्या नालांखाली अनवाणी बोटं सापडली की काय होतं, ते संध्याकाळी घरी मी निस्तरायची.

एकदा अंगठ्याचं नख मुळासकट गेलं. एकदा गुलाल डोळ्यांत गेला तो आठवडाभर डोळा उघडेना. एकदा दोन आळ्यांच्या लोकांनी एकेक हात धरून यांना आपापल्या खांद्यावर ओढलं, तर महिनाभर तो हात डोक्यापर्यंत जाईना. आंबेहळद उगाळ, एरंडाचं पान शेकून बांध, हाच माझा फुटबॉल. हरले की मात्र धडधाकट घरी यायचे. मुकाट्याने जेवायचे आणि झोपायचे. मॅचच्या दिवशी मी सकाळीच देवापुढे हात जोडायची, आज बरोबरी होऊ दे रे बाबा. हरू दे म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि जिंकू दे म्हणणं मला परवडणारं नव्हतं.

गिरणीने दोर बांधून पाहिला. दोर पहिल्याच गोलाला तुटला. दोन-चार पोलीस आणले, तर तेही गोल झाला की टोपी सावरत टाळ्या वाजवायचे.

टीमचा सगळा कारभार एका जॉबरकडे होता. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम, माणसं कामावर लावणारा. स्वतः कधी चेंडूला पाय लावला नसेल, पण टीमसाठी जीव टाकायचा. एका रविवारी चाळीतल्या आम्ही पाच-सहाजणी मैदानाच्या कोपऱ्यात बसलो होतो. मॅचसाठी कोण येतंय! तिथे कडुनिंबाची सावली होती आणि आम्हांला तुरी निवडायच्या होत्या. गोल झाला, लोक सुटले, आणि आमच्यापाशी येऊन ओढ्याचं पाणी खडकाशी फाटावं तसे दोन्हीकडून फाटून गेले. कोणाचा धक्का लागला नाही, कोणी सूप ओलांडलं नाही. परक्या बाईच्या अंगावरून जायचं नाही आणि धान्याला पाय लावायचा नाही, हे आमच्या लोकांच्या अंगात मुरलेलं. जॉबरने ते लांबून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो चाळीत आला. चाळीत एक म्हातारी होती, दोन मुलगे आणि जावई गिरणीत असलेली. सगळे तिला अक्का म्हणत आणि तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. जॉबर तिच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "अक्का, दोर तुटस, पोलीस हटस. पन तुम्ही बठ्ठ्या बाया सूप लिसन बठनात तं कोनी पाय टाकस नही."

अक्काने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हंजे आते आम्ही बाभूयनं कुंपन का?"

तो हात जोडून हसला. अक्काही हसली, आणि पुढच्या मॅचला चाळीतल्या आम्हां झाडून सगळ्या बायकांना हाकलत घेऊन गेली. पहिल्या दिवशी आम्ही शहाण्यासारख्या खेळाकडे तोंड करून बसलो. गोल झाला तेव्हा माझी नजर सुपात होती, आणि लोक आमच्या पाठींना चुकवत दोघींच्या मधून आत निसटायला लागले. अक्का उठली आणि आमच्यावरच ओरडली, "तोंड लोकेसकडे करा वं! पाठले कोन लाजस?"

तेव्हापासून मैदानाकडे पाठ. पदर डोक्यावर, पुढ्यात सूप, सुपात तूर, आणि समोर गर्दी. दोघींमध्ये हातभर अंतर, असं मैदान आम्ही दोन बाजूंनी धरायचो. उरलेल्या एका बाजूला गिरणीची भिंत होती आणि एका बाजूला साहेबांच्या खुर्च्या, तिकडून कोणी येत नसे. गोल झाल्याचं आम्हांला कळायचं ते समोरच्या तोंडांवरून. आधी सगळी तोंडं एका दिशेला वळायची, मग उघडी पडायची, आणि पापणी लवते तेवढा वेळ आवाजच नसायचा. तेवढ्या वेळात मिशीवाले, दाढीवाले, कर्जाने वाकलेले, सगळे एका वयाचे दिसायचे. मग ओरडा. मग ते आमच्याकडे धावत सुटायचे आणि सुपांपाशी येऊन कासरा ओढल्यासारखे थांबायचे.

सुरुवातीला भीती वाटायची. पुढे सवय झाली, आणि त्याच्या पुढे नुसता शीण. "बसा भाऊ, बसा, खेळ सरला नाही अजून," हे म्हणून म्हणून घसा दुखायचा. घरी धुणं पडलेलं, दळण पडलेलं, आणि आम्ही उन्हात बसून दुसऱ्यांच्या वहाणा मोजतोय. माझ्या शेजारची एकदा म्हणाली, आपल्या नवऱ्यांना पत्ते खेळायची आवड असती तर किती सुख होतं. फुटबॉलने मला एकच दिलं, त्या वर्षांत आमच्या वरणात कोणाच्या दाताखाली खडा आला नाही. पण यांचे पाय शाबूत राहिले हे खरं. सोमवारी सकाळी हे सरळ चालत कामावर जायचे आणि मी दारातून त्यांची चाल बघत राहायची.

मग एका हिवाळ्यात यांचा घोटा मुरगळला. गर्दीने नव्हे, खेळातच. आठवडाभर घरी बसावं लागलं. गिरणीत कोणी घरी बसला की त्याच्या मागावर बदलीवाला उभा राहतो, आणि बदलीवाले रोज पहाटे फाटकाशी ताटकळत असतात. त्यांचाही काय दोष, त्यांनाही पोटं आहेत. हे परत गेले तेव्हा खात्याच्या मास्तरने स्पष्ट सांगितलं, पुन्हा पायासाठी घरी बसलास तर माग बदलीवाल्याचे. यांनी घरी येऊन ते मला जसंच्या तसं सांगितलं. मी म्हटलं, मग सोडा आता तो चेंडू.

"जळगावनी एवढी एक," हे म्हणाले. "मंग सोडी दिसू."

जळगावच्या गिरणीच्या टीमशी मॅच होती, जळगावात. सगळ्यांना एकच धास्ती, आपण जिंकलो तर तिकडचे लोक चिडतील. जॉबर म्हणायचा, दगड येतील. पंच म्हणून एक ड्रिलमास्तर होते, त्यांनी आधीच कळवून जास्तीचे पोलीस मागवले. मला वाटलं, म्हणजे यांना खांद्यावर तरी कोणी घेणार नाही. परमुलखात हरवणाऱ्याचं कोण कौतुक करतो? दगडांची भीती वाटत होती, पण वहाणांची मिटली होती.

तरी मी जायचं ठरवलं. चाळीतल्या बाकीच्या येऊ शकत नव्हत्या. मोटारीचं भाडं, लहान मुलं, अक्काचे गुडघे, नाना अडचणी. जॉबरने जळगाववाल्यांना निरोप धाडला होता की तुमच्या बायका बसवा. त्यांनी हसून उलट निरोप धाडला, आमच्यात बायका मॅचला आणत नाहीत. यांनी मला विचारलं, "एकली बाई तठे काय करशी?" मी सूप आणि पिशवीभर तूर घेतली आणि मोटारीत जाऊन बसले.

पारोळ्याला मोटार तापली म्हणून थांबली. ड्रायव्हर किल्ल्याच्या खंदकाकडून पाणी आणायला गेला आणि टीमची माणसं खाली उतरून भजी खायला लागली. मांडीवर सूप घेतलेली मी एकटीच आत. गोलकीपर म्हणाला, "वहिनी, आज जळगाव सुपात घ्या आणि चांगलं पाखडा." सगळे हसले, हेही हसले. यांचा तो हसरा चेहरा, धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या, मला अजून दिसतो. मी त्यांना म्हटलं, भजी तेलकट आहेत, जास्त खाऊ नका.

जळगावचं मैदान आमच्यापेक्षा मोठं. चारी बाजूंनी माणूस, आणि पोलीस खरंच पुष्कळ. मी एका गोलाच्या बाजूला कडेला जागा धरली आणि मैदानाकडे पाठ करून बसले. समोर एक म्हातारा पिंजारी बसला होता. दाढीत कापसाचे तंतू अडकलेले, कामावरून तसाच उठून आलेला. त्याला वाटलं मला समजत नाही. म्हणाला, "बेटी, खेल उधर है."

"माले ठाव शे, बाबा," मी म्हटलं.

तो थोडा वेळ माझ्याकडे, मग सुपाकडे बघत राहिला, आणि पुन्हा खेळात बुडाला. मी तूर निवडायला लागले. समोरची तोंडं डावीकडे वळायची, उजवीकडे वळायची. कोणी शिव्या देत होतं, कोणी नुसतंच ओठ चावत होतं. खेळ संपत आला तसा मला हायसं वाटायला लागलं, कारण अजून कोणाचाच गोल झाला नव्हता. बरोबरी. माझ्या देवाने पहिल्यांदाच ऐकलं म्हणायचं.

आणि मग सगळी तोंडं माझ्या पाठीमागे वळली. अगदी जवळ, माझ्या डोक्यावरून बघावं तशी. पिंजाऱ्याचं तोंड उघडं पडलं. पापणी लवते तेवढा वेळ सगळं शांत, आणि मला कळलं गोल झाला, आणि तो यांनी मारला. कसं कळलं ते सांगता येत नाही. त्या तोंडांवर हरल्याचं दुःख यायला हवं होतं. मी वाट पाहिली. आला तो आनंद. निखळ, आमच्या धुळ्यात दिसायचा तसाच.

मी विसरले होते. सगळेच विसरले होते. आमच्या मुलखात पैलवान कुठलाही असो, कुस्ती देखणी झाली तर हरणाऱ्याचं गावच जिंकणाऱ्याला खांद्यावर घेतं. त्यात गावाचा मान असतो. आम्ही दगडांच्या भीतीने आलो होतो, आणि हे लोक फेटा घेऊन धावत होते.

पोलिसांना हुकूम होता तो दंगा अडवायचा. हा काही दंगा नव्हता. माझ्या बाजूचा शिपाई हसला आणि काठी काखेत धरून बाजूला झाला.

मी बसून राहिले. दोन्ही हात पसरले, जेवढे पसरता येतील तेवढे. लोक आले आणि माझ्यापाशी दोन्हीकडे फाटले. "संभाळून बरं, माय." "अरे सूप, सूप बघा!" पिंजारी उठून माझ्या पुढ्यात उभा राहिला, मला कोणाचा धक्का लागू नये म्हणून. एका तरुण शेतकऱ्याच्या धोतराचा सोगा सुपाला लागला आणि चार दाणे खाली पडले. तो एवढ्या धावपळीत खाली वाकला, दाणे उचलून सुपात टाकले, हात कपाळाला लावला, आणि पुढे धावला. त्याच्या वहाणांचे नाल मी पाहिले. मी ओरडले की पुढे जाऊ नका रे, तो अनवाणी आहे. पण त्या गलक्यात माझं मलाच ऐकू आलं नाही.

मग मी वळले. त्या पहिल्या दिवसानंतर मैदानाकडे तोंड केलं ते तेव्हाच. दिसल्या त्या नुसत्या पाठी, आणि वर उधळलेला गुलाल, आणि त्याच्याही वर हे. अर्धा फेटा बांधून झालेला. मग एका बाजूचा खांदा निसटला आणि हे खाली गेले. पुढच्यांना कळलं, मागच्यांना कळलं नाही. मागचे येतच राहिले.

उजव्या पावलाची हाडं मोडली होती. कळलं तेव्हा ते सगळे लोक इतके कळवळले की काय सांगू. कोणी बैलगाडी आणली, कोणी हाडवैद्याला धरून आणलं. आम्हांला धर्मशाळेत उतरवलं, तर संध्याकाळपर्यंत दाराशी माणसं. कोणी दूध आणलं. यावलकडचा एक शेतकरी केळीचा घड ठेवून गेला आणि जाताना पदराने तोंड झाकलेल्या मला नमस्कार करून गेला. पिंजारी आला, यांच्या पायाखाली द्यायला नव्या कापसाची उशी घेऊन. एकजण तो फेटा घेऊन आला, गुलाल धुऊन, घडी घालून. मला या लोकांचा राग यावा म्हणून मी फार धडपडले. कोणाला तरी धरून शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. पण ज्याच्याकडे बघावं त्याचेच डोळे भरलेले.

माझ्या सुपातली तूर मात्र जशीच्या तशी होती. ती आम्ही घरी आणली. कितीतरी दिवस मला ती शिजवावीशी वाटेना, पण तूर काही टाकून देता येत नाही.

पाऊल जुळलं ते वाकडं. माग बदलीवाल्याला गेले. जॉबरने फार खटपट केली, पण एका पायावर दोन माग चालत नाहीत. त्याने मला रीळखात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर, लावून दिलं. मी सकाळच्या भोंग्याला जायची, हे चूल सांभाळायचे. भाकरी यांना कधी गोल जमली नाही, पण मी कधी नाव ठेवलं नाही. रविवारी मैदानावरचा ओरडा चाळीत ऐकू यायचा. बायका अजून बसत होत्या, अक्का गेल्यावर तिची सून रांग लावायची. मी पुन्हा गेले नाही. ओरडा झाला की हे मान वर करून ऐकायचे आणि मी भांडी जरा जोरात घासायची.

त्या गोलाबद्दल आम्ही वर्षभर बोललो नाही. मग एका संध्याकाळी, मी कामावरून येऊन पाय धूत होते तेव्हा, यांनी एकदम विचारलं, "दखा का तू गोल?"

"नही," मी म्हटलं. "मी लोकेसना तोंडं दखात."

यांना त्याचं नवल वाटलं. खेळणाऱ्याला ती तोंडं कधी दिसत नाहीत, हे माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. म्हणाले, सांग. मी सांगितलं. पिंजाऱ्याचं उघडं तोंड, दाढीतला कापूस, ती पापणीएवढी शांतता, दाणे उचलणारा तो तरुण. पुढे कितीदा तरी हे मला ते पुन्हा सांगायला लावायचे. दिवसभर उभी राहून माझे पाय ठणकत असायचे, तरी सांगायची. दुसरं काय होतं माझ्याकडे द्यायला?

एकदा सगळं ऐकून झाल्यावर यांनी विचारलं, "कोनी रागमा व्हतं का?"

"नही."

"एकबी नही?"

"एकबी नही. बठ्ठा हासत व्हतात."

हे आपल्या वाकड्या पावलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रागमा ऱ्हातात तं पोलीस तरी आडा पडतात."

खरंच होतं ते.